दुसरी पेटी

२ मे

आई,

मायना लिहितानाच अडले. कायद्यानं तुम्ही आता माझ्या सासूबाई नाही, आणि कायद्याच्या बाबतीत निवृत्त न्यायाधीशाशी वाद घालण्याइतकी मी खुळी नाही. पण लग्न झाल्यापासून तुम्हाला आई म्हणत आले, आता एकदम मॅडम म्हणायला जीभ वळायची नाही. तेव्हा आईच. हरकत असेल तर नोंदवा.

काल फोन केला तर तुम्ही म्हणालात, "जे काय असेल ते लेखी दे," आणि ठेवून दिलात. दोन वर्षांनी आवाज ऐकला तो तेवढाच. तरी बरं वाटलं. आवाज अजून खणखणीत आहे.

तर लेखी देते. टिटवीला या सुट्टीत तुमच्याकडे ठेवून घ्याल का? सुट्टी दीड महिन्याची आहे आणि नेमका तेवढाच काळ मी घरी किती वाजता येईन याचा भरवसा नाही. तुमच्या चिरंजीवांना आधी विचारलं. त्यांचा पूल सध्या अर्ध्यावर आहे, साइट सोडून हलता येत नाही म्हणतात. शेजारच्या बाई आनंदानं ठेवून घेतील, पण त्यांच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो. शिवाय पोरीला सख्खी आजी असताना तिला शेजारी ठेवायचं, हे मला पटत नाही.

ती आता दहा वर्षांची आहे. टिटवी हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि ती त्याला जागते. उजाडायच्या आत उठते आणि उठल्यापासून बोलते. भाज्या खाते. खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही.

घटस्फोटाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तुम्ही तुमचा निकाल दारात उभं राहून दिलात, "त्या यंत्रापायी तू घर मोडलंस." मी अपील केलं नाही आणि आताही करत नाही. हा अर्ज फक्त मुलीपुरता आहे.

कारण मात्र सांगायला हवं. आमच्या गटानं गेली चार वर्षं एका शोधासाठी माहिती गोळा केली आणि उत्तर जिथं असू शकतं तो भाग न बघता बंद ठेवला. आम्ही त्याला पेटी म्हणतो. ती आता उघडायची आहे. या शोधाची प्रमुख मी आहे. काही चुकलं तर माझं चुकेल, आणि माझं चुकणार नाही याची मला जवळजवळ खात्री आहे. पण त्यासाठी मला पूर्ण वेळ तिथं असायला हवं.

उत्तर 'नाही' असेल तर एका ओळीत कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. 'हो' असेल तर गाडीत बसवून देते.

टिटवीची आई

१२ मे

आई,

तुमची दोन्ही कार्डं मिळाली. पहिलं, "पाठव. गरम कपडे दे, इथं संध्याकाळी गारठा असतो." दुसरं, "पोचली. मुलगी पाण्याला घाबरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत पोहण्याचा तास आहे, त्याला ती जाते असं मी धरून चालले होते. काल फोनवर विचारलं तर म्हणाली, "जाते ना. काठावर बसते." दोन वर्षं ती काठावर बसते आहे आणि मला पत्ता नाही. तुम्ही अजून रोज सकाळी तलावावर जाता हे ऐकून बरं वाटलं. ती म्हणते, "आजी टोपी घालून सील माशासारखी दिसते." हे तिनं तुम्हाला तोंडावर सांगितलं असणारच.

तुम्ही विचारलंत की मी नक्की काय शोधते. पोरीला विचारलं तर ती म्हणते आई प्रकाश मोजते. अगदीच चूक नाही. सांगते.

आम्ही प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो, दोन्ही प्रचंड वेगात. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात. क्वार्कच्या आत काय असतं? आजवरचं उत्तर आहे, काही नाही, तिथं सगळं संपतं. पण हेच उत्तर लोकांनी आधी अणूबद्दल दिलं होतं, मग प्रोटॉनबद्दल दिलं होतं, आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटले होते. म्हणून विचारायचं. क्वार्क खरोखर अखंड असेल तर त्याला कितीही जोरात ठोका, तो आतून हलणार नाही, कारण आत हलायला काही नाही. पण तो आणखी बारीक कशाचा तरी बनलेला असेल, तर जबर धक्क्यानं तो क्षणभर खवळेल, एका जड अवस्थेत जाईल, आणि लगेच शांत होईल. शांत होताना एक फोटॉन बाहेर टाकेल. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. आम्ही त्या फोटॉनची वाट बघतो.

फोटॉनच का? तो सरळ येतो म्हणून. त्याच्यावर विद्युतभार नाही, चुंबक त्याला वाकवू शकत नाही, आणि कण टिपण्यासाठी बसवलेल्या आमच्या स्फटिकांत शिरला की जवळ असेल नसेल तेवढी ऊर्जा तिथंच टाकतो. फोटॉनची ऊर्जा आणि उरलेल्या क्वार्कमधून निघालेल्या कणांच्या झोताची ऊर्जा एकत्र मांडली, की ती दोघं ज्याच्यापासून निघाली त्याचं वजन कळतं. अशा कोट्यवधी टकरींची वजनं एका आलेखावर मांडतो. साधारणपणे तो एखाद्या उतरणीसारखा गुळगुळीत उतरत जातो. खवळलेला क्वार्क खराच असेल, तर त्या उतरणीवर एका ठिकाणी टेकडी दिसेल. सगळा खेळ त्या टेकडीचा.

अडचण तोतयांची. काही साधे कण मोडून दोन फोटॉन होतात, ते इतके जवळजवळ येतात की एकच वाटतो. त्यांना ओळखून बाहेर काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी ते चांगलं करते. हे मी नम्रतेनं सांगत नाही, कारण नम्रता दाखवून तुम्हाला फसवता येत नाही हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली आहे. सगळी माहिती एका पेटीत न ठेवता दोन पेट्यांत वाटली. आधी पहिली उघडायची, दुसरी बंदच ठेवायची. पहिलीत काही दिसलं तर दुसरी त्याची परीक्षा घेईल. आमचे गटप्रमुख यावर नाखूष आहेत. त्यांचं म्हणणं, "सगळं एकदम उघडलं तर टेकडी ठळक दिसेल." माझं म्हणणं, ठळक दिसण्याआधी ती आहे का ते कळू दे.

टिटवीला सांगा, बुडत नाही.

तिची आई

२० मे

आई,

आज पहिली पेटी उघडली.

काय दिसलं ते लिहिता येत नाही. गटाबाहेर कुणालाही सांगायचं नाही असा नियम आहे आणि तुमच्यासारख्या माणसाला नियम मोडून पत्र लिहिलं तर तुम्हीच मला फैलावर घ्याल. एवढंच सांगते की खोलीत अकरा माणसं होती आणि पडद्यावर आलेख आला. मग आमच्या गटातली सगळ्यात तरुण मुलगी, जिला आम्ही धांदल म्हणतो, ती खुर्चीवरून उठली आणि परत बसली. गटप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "ठीक आहे, चहा घेऊ." कुणीही चहाला गेलं नाही.

मी दुपारी जेवायची विसरले. संध्याकाळी गाडी कुठं लावली ते आठवेना, म्हणून पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. यावरून काय तो अंदाज करा, मी काही म्हटलेलं नाही.

टिटवीनं पहिल्यांदा तोंड पाण्याखाली घातलं, हे तिनं मला इतक्या बारकाईनं सांगितलं की माझ्याच नाकात पाणी गेल्यासारखं झालं. तुम्ही तिला हात धरून नेलंत की ढकललंत? ती म्हणते ढकललं नाही, "आजी फक्त म्हणाली, मी इथं आहे." मला त्या वाक्याचा हेवा वाटला.

टिटवीची आई

२८ मे

आई,

आता पेपरातच आलंय म्हणजे मी गप्प बसण्यात अर्थ नाही. कुणी फोडलं माहीत नाही. पहिल्या पानावर, 'क्वार्कच्या आत नवं जग?' खाली आमच्या इमारतीचा फोटो, तोही मागच्या बाजूचा, जिथं सायकली लावतात.

तुम्ही विचारलंत, "खरं आहे का?" माझं उत्तर, माहीत नाही. टेकडी आहे, हे खरं. मी ती स्वतः पाहिली. तोतयांमुळे आलेली नाही, हे मी तपासलं. डिटेक्टरच्या एखाद्या बिघडलेल्या कोपऱ्यातून आलेली नाही, हेही तपासलं. राहिला योगायोग. नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडला तर आपण चकित होऊ. पण गावातल्या प्रत्येकानं दहा वेळा नाणं उडवलं, तर एखाद्याला दहा छापे पडणारच, त्यात नाण्याचा दोष नाही. आम्ही आलेखावर इतक्या ठिकाणी टेकडी शोधतो की कुठंतरी एखादी आपोआप उगवू शकते. पेपरवाल्यांनी नेमका हा भाग गाळला.

परवा गटप्रमुखांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ते मनानं चांगले आहेत हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही लगेच त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं कराल. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. उभं आयुष्य त्यांनी या शोधांत घातलं आणि दर वेळी उत्तर आलं, काही नाही. दार लावून घेऊन म्हणाले, "पंधरवड्यावर परिषद आहे. दुसरी पेटी आत्ता उघडू. आपल्याशी स्पर्धा असलेल्या समोरच्या प्रयोगालाही हे दिसत असेल तर ते आपल्या आधी बोलतील."

"उघडू," मी म्हटलं. "पण आधी दुसरी पेटी कशी तपासायची ते शब्दन् शब्द लिहून काढू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, आणि मग उघडू. उघडल्यावर एक अक्षर बदलायचं नाही."

"त्याला दहा-बारा दिवस लागतील."

"लागू देत."

"पहिल्या पेटीत वापरलेलीच पद्धत आहे की. नवं काय लिहायचंय?"

"पहिली पेटी उघडल्यापासून गेल्या आठवड्यात गटातल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या सुधारणा सुचवल्या. तिन्ही सुधारणांनी टेकडी वाढते. एकानंही अशी सुधारणा सुचवली नाही जिच्यानं ती कमी होईल. माणसं प्रामाणिक आहेत, पण त्यांना टेकडी हवी आहे. मलाही हवी आहे. म्हणूनच हात बांधून घ्यायचे."

ते खिडकीशी गेले. म्हणाले, "तू स्वतःच्याच विरुद्ध वकिली करतेस."

"कुणीतरी करायला हवी. आपण नाही केली तर समोरचे फुकटात करतील."

"आणि परिषदेत मी दुसऱ्या कुणाला बोलायला उभं केलं तर?"

"करा. पण माझ्या सहीशिवाय आलेख बाहेर जात नाही, हा नियम तुम्हीच केलाय."

मग ते हसले, अगदी थोडंसं. "माझीच कुऱ्हाड," म्हणाले. आम्ही लिहायला बसलो आहोत. आठवडाभर तरी लागेल.

मला ती टेकडी खरी असावीशी वाटते, आई. इतकी की आंघोळ करतानासुद्धा मनात भाषणाची वाक्यं जुळतात. पण इच्छा हा पुरावा नाही, आणि तुम्ही हे माझ्याआधी कित्येक वर्षं लोकांना सांगत होता.

टिटवीची आई

३ जून

आई,

हे पत्र प्रयोगाबद्दल नाही.

काल टिटवी फोनवर म्हणाली, "आजीनं विचारलं, चित्रांच्या काकूकडे तू पहिल्यांदा कधी गेलीस. मी सांगितलं, माझा पुढचा दात पडला तेव्हा. काकूनं तो कागदात बांधून दिला होता. मग आजीचं दूध उतू गेलं."

चित्रांची काकू म्हणजे तुमच्या मुलाची आताची बायको. पोर तिच्याबद्दल प्रेमानं बोलते आणि बोलावं, ती बाई तिच्याशी चांगली वागते. पण दात कधी पडला हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. बोळक्या तोंडाचा तो फोटो तुमच्या कपाटावर होता. टिटवी तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही वेगळे झालो तेव्हा आठ. मधली दोन वर्षं तुम्ही मोजली असणार, आणि तुम्हाला मिळालेल्या हकिगतीत ती बसत नसणार.

माझं पहिलं म्हणणं, पोरीची उलटतपासणी घेऊ नका. तिला कळत नाही की ती साक्ष देते आहे, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तिला वाटेल आपण बापाला धरून दिलं. विचारायचं तर मला विचारा.

दुसरं, मला विचारलंत तरी मी सांगणार नाही. त्याला विचारा.

तुम्ही म्हणाल, मग दोन वर्षांपूर्वी का गप्प बसलीस. त्या दिवशी दारात तुम्ही म्हणालात, "मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत." तुम्ही एकच ऐकली होती. मी तिथल्या तिथं दुसरी सांगू शकले असते. पण तो तुमचा एकुलता एक. बाबा गेल्यावर तुम्हाला त्याच्याशिवाय कोण होतं? नवरा मला परत मिळणार नव्हताच, आणि खरं सांगायचं तर तोवर मला परत नकोही होता. मग तुमचा मुलगा तुमच्या नजरेतून उतरवून मी काय मिळवलं असतं? हा मोठेपणा आहे असं कृपा करून समजू नका. रागही होता. मनात म्हटलं, एवढी नावाजलेली न्यायाधीश, घरचा खटला आला तेव्हा एकतर्फी निकाल देऊन मोकळी झाली, तर बसू दे तशीच. बरीच माणसं तोंड उघडून भांडतात, मी तोंड मिटून भांडते.

आणि आता जे लिहिते ते तुमच्या बाजूचं आहे. यंत्रापायी घर मोडलं हे खोटं. पण मी घरी कमी होते हे खरं. माझी पोर पाण्याला घाबरते हे मला तुमच्या कार्डावरून कळलं, यापेक्षा जास्त पुरावा मला माझ्याविरुद्ध देता येणार नाही. त्यानं दुसरं घर शोधलं ते मात्र त्याचं त्यानं शोधलं. माझ्या शिफ्टचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्यासारख्या कामावर जाणाऱ्या कितीतरी बायांचे नवरे संध्याकाळी भाजी चिरतात आणि वाट बघतात.

बघा, सांगणार नाही म्हटलं आणि अर्धं सांगून बसले. ते खोडत नाही.

परवा दुसरी पेटी. सह्या झाल्या.

टिटवीची आई

१३ जून

आई,

तुमच्याकडून तीन तारखेनंतर काही आलं नाही. तुम्ही रागावला असाल तर रागवा, मी पत्रं लिहिणं थांबवणार नाही. टिटवी तुमच्याकडे आहे तोवर मला तो हक्क आहे.

दुसरी पेटी उघडली. टेकडी नाही.

उतरण, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत. जिथं टेकडी असायला हवी होती तिथं उलट किंचित खळगा. दोन्ही पेट्या एकत्र मांडल्या तर पहिल्या टेकडीचा नुसता फुगवटा उरतो, असे फुगवटे आमच्याकडे पैशाला पासरी. म्हणजे तो योगायोगच होता. दहा छापे पडलेलं ते एक नाणं आमच्या हातात आलं होतं.

गटप्रमुख पडद्याजवळ गेले आणि त्या खळग्यावर बोट ठेवून उभे राहिले, जणू काचेवर काहीतरी चिकटलंय आणि ते पुसायचंय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी तुझं ऐकलं नसतं तर आज मी जगभर तोंड लपवत फिरलो असतो." एवढं बोलून ते घरी गेले. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

धांदल जिन्यात बसून रडत होती. पहिली पेटी तिच्याच संगणकावरून उघडली होती, म्हणून ती टेकडी सगळ्यात आधी तिनं पाहिली होती. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "दोन आठवडे मला वाटत होतं की अख्ख्या जगात हे सगळ्यात आधी आपल्याला कळलंय."

मी म्हटलं, "मलाही वाटत होतं."

"मग तुम्हाला रडू येत नाही?"

"आलं. मघाशी, गाडीत जाऊन. आता आपल्याला शोधनिबंध लिहायचाय, आणि त्यावर पहिलं नाव तुझं असणार आहे."

तिला ते खोटं वाटलं. खोटं नाही, मी तसं कळवून टाकलंय.

काल परिषदेत मीच बोलले. सभागृह तुडुंब, पायऱ्यांवरही माणसं बसलेली. पेपरामुळे. मी सरळ सांगितलं, पहिल्या भागात हे दिसलं, दुसऱ्या भागात हे दिसलं नाही, अमुक वजनापर्यंत खवळलेला क्वार्क सापडत नाही. सभागृहातून एक सुस्कारा आल्यासारखा झाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माइक मागून घेतला आणि विचारलं, "मग या सगळ्या खटाटोपातून निष्पन्न काय झालं?"

मी म्हटलं, "क्वार्कच्या आत काही असेल, तर ते याहून खोल आहे. कालपर्यंत हे कुणालाच माहीत नव्हतं. आजपासून इथं परत कुणाला खणावं लागणार नाही."

लोक टाळ्या वाजवतील असं मला वाटलं नव्हतं. वाजवल्या. बाहेर पडताना मात्र एक पत्रकार म्हणाला, डोंगर पोखरून उंदीर निघाला. मी म्हटलं, उंदीरही निघाला नाही, आणि आम्ही तो निघाला असं सांगितलं नाही, हे छापा. छापणार नाही तो.

आई, मी हरले असं मला वाटत नाही. थकले आहे. पण आज सकाळी आरशात बघितलं तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला. परवापासून मी साडेपाचला घरी येऊ शकते. टिटवीला पाठवा, किंवा मी न्यायला येते. तुम्ही सांगाल तसं.

टिटवीची आई

१७ जून

चि. सूनबाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मी पानभर लिहिण्याची सवय केव्हाच सोडली, म्हणून कार्डं. आज कागद घेतला आहे.

रविवारी मी मुलाला बोलावून घेतलं. पूल अर्ध्यावर असला तरी यायचं म्हटलं. तो आला. टिटवीला मी पुस्तक बदलून आणायला वाचनालयात पाठवलं होतं, हे मुद्दाम सांगते, म्हणजे तू पुन्हा मला उलटतपासणीवरून बोलणार नाहीस. त्याला समोर बसवून विचारलं, "टिटवीचा दात पडला तेव्हा तू कुठं राहत होतास?" तो म्हणाला, "घरीच." मी म्हटलं, "आणि मनानं?" मग त्यानं सगळं सांगितलं. मी विचारलं, "मला वेगळं का सांगितलंस?" म्हणाला, "तू मला कधी हरलेलं पाहिलं नाहीस, आई. मला ते दाखवायचं नव्हतं." माझा मुलगा आहे. मी त्याला जेवू घातलं आणि रात्रीच्या गाडीनं पाठवलं. त्याच्यावर राग आहे, पण तो माझा मी बघेन, तू त्यात पडू नकोस.

तुझ्याबद्दल. दिलेला निकाल त्याच न्यायाधीशाला सहसा फिरवता येत नाही, वरच्या कोर्टात जावं लागतं. घरात वरचं कोर्ट नसतं. म्हणून मीच फिरवते. मी चुकले. दोन्ही बाजू ऐकल्या असं मी म्हणाले ते खरं नव्हतं, आणि ते म्हणताना मला ते ठाऊक होतं. मी तुझ्या बाजूला घाबरले. ती ऐकली तर माझ्याकडे काही उरणार नाही असं मला वाटलं. इतकी वर्षं खुर्चीवर बसले, पण असं भय मला कधी कुठल्या खटल्यात वाटलं नव्हतं.

तू गप्प राहिलीस हे मला आवडलेलं नाही. पुढच्या वेळी भांड.

तुमचा निकाल मी पेपरात वाचला. पेपर म्हणतो, अपयश. पेपरवाल्यांना पुराव्याअभावी सोडणं म्हणजे काय ते कधीच कळलं नाही. खून केला नाही त्याला फाशी न देणं हे अपयश असेल, तर माझी बरीचशी कारकीर्द अपयशात गेली. दुसरी पेटी तू बंद ठेवलीस, सह्या घेतल्यास, आणि तुला जे हवं होतं त्याच्या विरुद्ध उत्तर आलं तेव्हा उभी राहून ते वाचून दाखवलंस. मला तुझ्या प्रकाशातलं काही कळत नाही. पण हे कळतं.

टिटवी परवा तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली. मध्ये एकदा थांबली, दोरीला धरलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढं गेली. मी पाण्यातच होते, पण हात लावला नाही. त्या टोकाला पोचल्यावर ती म्हणाली, "आईला सांगू नकोस, मी सांगणार आहे." तेव्हा तुला हे माहीत नाही असं दाखव.

तिला गाडीत बसवून देणार नाही. शनिवारी मी स्वतः तिला घेऊन येते. चार दिवस राहीन म्हणते. टिटवी म्हणते तुझ्याकडे तिची खोली लहान आहे आणि मी घोरते. मी बाहेर सोफ्यावर झोपेन.

यंत्र बघायची मला हौस नाही, ते जमिनीखाली असतं आणि तिथं कुणाला सोडत नाहीत, एवढं पोरीनं सांगितलंय. पण सोमवारी तू कामावर जाशील तेव्हा मला सोबत ने. तू जिथं बसतेस ती खोली, तुझी खुर्ची, तुझ्या समोरची खिडकी मला बघायची आहे. ज्या जागेवर मी एवढा मोठा आरोप ठेवला, ती मी कधी पाहिलेलीच नाही.